हाक विजेची, हेलपाटे पोऱ्याचे

चौथ्या मजल्यावरच्या पाहुण्याला दाढीसाठी गरम पाणी हवं आहे. तो भिंतीवरचं बटण दाबतो. तळमजल्यावर घंटी खणखणते, फळ्यावर त्याच्या खोलीचा नंबर दिसतो, बाकावर बसलेला पोऱ्या उठतो आणि चार जिने चढून दारात उभा राहतो. ‘काय आणू साहेब?’ ‘गरम पाणी.’ पोऱ्या चार जिने उतरतो, पाणी घेऊन पुन्हा चार चढतो आणि रिकाम्या हाताने पुन्हा चार उतरतो. तांब्याभर पाण्यासाठी सोळा जिने झाले. त्यातले आठ निव्वळ ‘काय आणू’ हे विचारण्यापायी.

एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत मोठमोठी हॉटेलं उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर विजेच्या घंटीची एक अख्खी शाखा जन्माला आली. तिच्याकडे पाहताना हे आठ जिने डोळ्यांसमोर ठेवलेले बरे. घंटी कोण बोलावतंय ते सांगते, कुठून ते सांगते, पण कशासाठी ते सांगत नाही. पहिली दोन कामं विजेने इतकी चोख केली की तिसऱ्याची उणीव सगळ्यांना टोचायला लागली. पुढची पन्नासेक वर्षं कारागीर या ना त्या मार्गाने तीच भरून काढण्याच्या मागे होते.

घंटीच्या तारा विजेच्या आधीपासून होत्या. त्यांतून काही वाहत नसे, त्या ओढायच्या असत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधल्या बड्या घरांत ही सोय रुळली. दिवाणखान्यात शेकोटीशेजारी नक्षीदार कापडी पट्टा किंवा पितळी मूठ असे. ती ओढली की भिंतीतून नेलेली तांब्याची तार सरके. कोपरा आला की तिथे खिळीवर फिरणारा छोटा त्रिकोणी तुकडा बसवलेला असे, तो ओढीची दिशा वळवी. अशी वळणं घेत तार खाली नोकरांच्या वावरातल्या घंटेपर्यंत पोचे. आपल्या एसटीत कंडक्टर छताखालची दोरी ओढून ड्रायव्हरच्या कानाशी घंटी वाजवतो, ती हीच यंत्रणा. फक्त तिला कोपरे नसतात.

या घंटांची मांडणी मोठी विचारपूर्वक केलेली असे. प्रत्येक घंटा वाकवलेल्या पोलादी पट्टीच्या गुंडाळीवर टांगलेली आणि तिला जोडून एक छोटा लोलक. घंटेचा आवाज थांबला तरी लोलक बराच वेळ झुलत राही. नोकर अंगणात असला, धावत यायला उशीर झाला, तरी हलता लोलक पाहून कुठल्या खोलीतून हाक आली ते त्याला कळे. शिवाय घंटांचे आकार वेगवेगळे, म्हणून आवाजही वेगळे. मुरलेल्या नोकराला नुसत्या नादावरून खोली ओळखू येई.

घरात हे ठीक होतं. हॉटेलात शे-दीडशे खोल्या असल्या तर कोण नाद ओळखत बसणार? १८२९ मध्ये बोस्टनला ट्रेमाँट हाउस सुरू झालं. आयझाया रॉजर्स या वास्तुविशारदाने बांधलेल्या या हॉटेलात १७० खोल्या होत्या. प्रत्येक खोलीला कुलूप होतं आणि आत साबण ठेवलेला असे. आज यात सांगण्यासारखं काही वाटणार नाही; पण त्याआधीच्या खाणावळवजा मुक्कामांत अनोळखी माणसाच्या शेजारी पथारी पसरावी लागे. चार्ल्स डिकन्स १८४२ च्या अमेरिका दौऱ्यात इथे उतरला होता. याच हॉटेलात सेथ फुलर या घंटा बसवणाऱ्या कारागिराने खोल्यांतल्या तारा कचेरीतल्या एकाच यंत्रावर आणल्या, आणि कुणी ओढलं ते त्यावर नंबराने दिसू लागलं. अशा यंत्राला इंग्रजीत अनन्सिएटर म्हणतात. आपण त्याला सरळ नंबराचा फळा म्हणू.

फळा आला तरी ओढायच्या तारांचं दुखणं गेलं नाही. तांब्याची तार ताणली की हळूहळू लांबते आणि मग मूठ कितीही ओढा, घंटा हलत नाही. प्रत्येक वळणावर घर्षण वाढतं. चिडलेला पाहुणा हिसका मारतो आणि तार भिंतीतच तुटते. ती शोधायला गिलावा फोडावा लागतो. त्यात हॉटेलं उंच होऊ लागली. न्यूयॉर्कच्या फिफ्थ अॅव्हेन्यू हॉटेलात १८५९ मध्ये माणसांची ने-आण करणारी लिफ्ट बसली आणि वरच्या मजल्यांच्या खोल्यांनाही चांगलं भाडं मिळण्याची वाट मोकळी झाली. पाहुण्यांना वर न्यायची सोय झाली. त्यांची हाक खाली आणायला मनगटाचं बळ पुरेना.

विजेने घंटा वाजवता येते हे तोवर जुनं झालं होतं. जोसेफ हेन्रीने १८३१ मध्ये आल्बनीच्या अकादमीतल्या खोलीभोवती मैलाहून जास्त लांबीची तार गुंडाळून तिच्या दुसऱ्या टोकाला घंटा वाजवून दाखवली होती. पण त्याची घंटा एकदा टण् करून थांबे. ती सतत खणखणण्यासाठी वीज स्वतःच तुटत आणि जुळत राहायला हवी. ही युक्ती १८३० च्या दशकाच्या अखेरीस फ्रँकफुर्टच्या योहान फिलिप वॅग्नरने साधली. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण जिची आकृती काढतो ती हीच. विद्युतचुंबक लोखंडी पट्टी ओढतो, पट्टीला जोडलेला टोला वाटीवर बसतो. पण पट्टी हलताच मागच्या स्क्रूशी असलेला तिचा संपर्क सुटतो, वीज खंडित होते, चुंबकाचा जोर जातो आणि स्प्रिंग पट्टीला मागे खेचते. संपर्क जुळला की पुन्हा तेच. १८५० च्या सुमारास जॉन मिरांडने या तत्त्वावर नित्य वापराची घंटी बनवली. त्या स्क्रूच्या टोकाशी दर टोल्याला बारीक ठिणगी उडते आणि साधा धातू तिथे जळून काळा पडतो. म्हणून चांगल्या घंटीत त्या टोकाला प्लॅटिनमचा कण बसवत. स्वस्त घंटी घेणाऱ्याला वर्षा-दोन वर्षांत या कणाची किंमत समजे.

तरीही १८५० च्या दशकात हॉटेलवाले या घंटीवर तुटून पडले नाहीत. अडचण घंटीची नव्हतीच, अडचण विजेची होती. भिंतीत वीज असण्याचा तो काळ नव्हे. एडिसनचं न्यूयॉर्कमधलं पर्ल स्ट्रीटचं वीजकेंद्र १८८२ चं. तोवर वीज हवी असेल तर ती काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात, रसायनांतून, स्वतः तयार करायची. जोरदार प्रवाह देणाऱ्या घटांत नायट्रिक आम्ल असे आणि त्यातून तांबूस विषारी वाफा निघत. तारायंत्रवाल्यांचा डॅनिएल घट सौम्य. पण तो सतत चालू ठेवण्यासाठी बनलेला, रिकामा बसला तर त्यातली द्रावणं एकमेकांत मिसळून तो बिघडे. घंटी दिवसातून पन्नास वेळा वाजणार, प्रत्येक वेळी चार-दोन सेकंद, आणि रात्रभर गप्प. या कामाला दोन्ही गैरसोयीचे.

ही गाठ १८६६ मध्ये जॉर्ज लेक्लांशे या फ्रेंच अभियंत्याने सोडवली. त्याचा घट अगदी साधा आहे. काचेच्या चौकोनी बरणीत नवसागराचं पाणी. हा नवसागर म्हणजे कल्हईवाला तापल्या भांड्यावर चिमूटभर टाकतो आणि पांढरा धूर उठतो, तोच. त्या पाण्यात एका कोपऱ्याला बोटभर जाडीची जस्ताची कांडी. मध्ये न भाजल्यासारखं दिसणारं, पाणी झिरपू देणारं मातीचं भांडं. त्यात कार्बनची पट्टी आणि तिच्याभोवती ठासून भरलेलं काळं मँगनीज डायऑक्साइड. एका घटातून साधारण दीड व्होल्ट मिळतो.

घट चालू झाला की कार्बनभोवती हायड्रोजन जमू लागतो आणि प्रवाह मंदावतो. मँगनीज डायऑक्साइडचं काम त्या हायड्रोजनला गिळण्याचं. पण ते आळशी आहे, सावकाश गिळतं. दिवा लावायला हा घट निरुपयोगी, थोड्याच वेळात दमतो. घंटीला मात्र तो बेतून शिवल्यासारखा बसतो. चार सेकंद काम, दहा मिनिटं विश्रांती, आणि पुढच्या हाकेपर्यंत पुन्हा ताजातवाना. काम नसताना जस्तही फारसं झिजत नाही. माझ्या मते हॉटेलच्या घंटीचा खरा जनक कुणाला म्हणायचंच असेल तर तो हा घट. घंटी तयार होऊन त्याची वाट पाहत बसली होती.

या घटाची निगा राखणं हेही एक काम होतं. जिन्याखालच्या फडताळात बरण्यांची रांग असे. पाणी आटलं की वरून ओतायचं, जस्ताची कांडी सुईसारखी बारीक झाली की बदलायची. नवसागराचे खार बरणीच्या कडेवरून वर चढत, बाहेर उतरत आणि पितळी जोड हिरवे करून टाकत; म्हणून बरणीच्या तोंडाला मेण लावून ठेवायचं. एखाद्या खोलीतलं बटण आतच अडकून राहिलं तर रात्रीत सगळे घट गळपटत आणि सकाळी साऱ्या हॉटेलची घंटी मुकी. पुढे १८८० च्या दशकात कार्ल गासनरने याच रसायनांचा ओलावा लगद्यात पकडून कोरडा घट बनवला, तो आपल्या टॉर्चच्या सेलचा पूर्वज. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतून निघणारं मँगनीज डायऑक्साइडचं खनिज कोरड्या बॅटऱ्यांच्या उद्योगाला लागतं, ते याच नात्याने.

आता फळ्याकडे येऊ, कारण खरी कारागिरी तिथे होती.

शंभर खोल्यांना शंभर घंट्या लावायच्या नाहीत, हे पहिलं सूत्र. घटांपासून निघालेली एक सामायिक तार सगळ्या खोल्यांत फिरते आणि प्रत्येक बटणाच्या एका पायाला जोडली जाते. बटणाच्या दुसऱ्या पायापासून त्या खोलीची स्वतःची तार निघते आणि फळ्यावरच्या स्वतःच्या छोट्या विद्युतचुंबकाला येऊन मिळते. त्या शंभर चुंबकांची दुसरी टोकं एकत्र बांधून एकाच घंटीतून घटांकडे परत नेतात. म्हणजे सत्तावीस नंबरच्या खोलीतलं बटण दाबलं की वीज फक्त सत्तावीसच्या चुंबकातून जाते, पण घंटीतून जातेच जाते. आवाज सगळ्यांचा एक, खूण प्रत्येकाची वेगळी. शंभर खोल्यांचं काम एकशे एक तारांत आणि थोड्या घटांत भागतं. या तारांवर सुताचे दोन वेढे उलटसुलट दिशांनी देऊन ते मेणात भिजवलेले असत. अशा तारेला अमेरिकेत अजूनही अनन्सिएटर वायर हेच नाव आहे.

खूण दाखवायच्या तऱ्हा अनेक होत्या. सगळ्यांत खपली ती झडप. नंबरावर पितळी किंवा काळी झाकणी, ती एका आकड्याने अडवलेली. चुंबकाने आकडा उचलला की झाकणी स्वतःच्या वजनाने टप्पकन पडते आणि मागचा नंबर उघडा होतो. पोऱ्याला वर पाठवलं की कारकून दांडा ओढून झाकणी परत वर चढवणार. दुसरी तऱ्हा काट्याची, हाक आली की बाण वळून खूण दाखवणार. तिसरीत जुना लोलक पुन्हा हजर झाला. चुंबकासमोर टांगलेला छोटा लोलक, त्याला रंगीत पताका. वीज येऊन गेली की पताका काही वेळ झुलते आणि आपोआप थांबते. झडप परत चढवायची कटकट नाही, पण कारकून तेवढ्यात पाठ फिरवून कुणाशी बोलत बसला तर हाक वाया गेली. झडप मात्र माणूस येईपर्यंत पडून राहते. मोठ्या हॉटेलांना तीच सोयीची होती, यात नवल नाही.

अमेरिकेत या धंद्यात उतरलेल्यांत एलिशा ग्रे हे नाव महत्त्वाचं. १८६९ मध्ये त्याने एनॉस बार्टनबरोबर विद्युत उपकरणांची भागीदारी सुरू केली. १८७० मध्ये त्याने हॉटेलांसाठी काट्याचा फळा बनवला आणि लिफ्टसाठी दुसरा. लिफ्टमध्ये उभ्या असलेल्या लिफ्टमनलाही कुठल्या मजल्यावर माणूस ताटकळतोय हे कळायला हवंच होतं. १८७२ मध्ये या भागीदारीची वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी झाली. ग्रेचं नाव आज निघतं ते मात्र वेगळ्याच कारणाने. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी अलेक्झांडर ग्रॅहम बेलचा टेलिफोनच्या पेटंटचा अर्ज आणि त्याच विषयावरची ग्रेची पूर्वसूचना एकाच दिवशी पेटंट कचेरीत दाखल झाली, आणि मान बेलला मिळाला. १८८१ मध्ये बेलच्या कंपनीने वेस्टर्न इलेक्ट्रिकच ताब्यात घेतली. हॉटेलांचे फळे बनवणाऱ्यांच्या हाती टेलिफोनची साधनं बनवण्याचं काम आलं.

ते सरळ नात्यातलंच काम होतं. टेलिफोन एक्स्चेंजला तरी काय हवं असतं? शंभर ठिकाणांहून तारा एका खोलीत येतात, त्यातल्या कुणी हाक मारली ते बसल्या जागी दिसायला हवं. बोस्टनच्या एडविन होम्सकडे चोरांची सूचना देणाऱ्या घंट्यांचं जाळं होतं, त्याने १८७७ मध्ये त्याच तारांवर टेलिफोन जोडून पाहिले. पुढच्या वर्षी २८ जानेवारीला न्यू हेवनमध्ये जॉर्ज कॉयने २१ ग्राहकांचं एक्स्चेंज उघडलं. त्याचा जोडफळा घोडागाडीचे बोल्ट, किटलीच्या झाकणांच्या मुठी आणि बायकांच्या फुगीर झग्यांखालच्या सांगाड्याची तार असल्या जमवाजमवीतून झाला होता. पुढे जे व्यवस्थित जोडफळे बनले त्यांवर प्रत्येक ग्राहकाच्या नंबराशी जी झाकणी टप्पकन पडे, ती हॉटेलच्या फळ्यावरचीच झडप होती.

पाहुण्याच्या बाजूने पाहिलं तर सगळा मामला एका बटणाचा. चिनी मातीची किंवा लाकडाची गोल डबी, मध्ये हस्तिदंती गोळी, आत दोन पितळी पट्ट्या एकमेकींपासून केसभर अंतरावर. पलंगापाशी रेशमी दोरीला लोंबणारं पेरूच्या आकाराचं बटण असे, अंथरुणातून न उठता दाबायला. ओढायच्या मुठीला जोर लागे, आणि त्या जोरात माणसाचा स्वभावही उतरे. बटणाला करंगळी पुरते. अनेक लोकांनी आयुष्यात विजेला पहिल्यांदा हात लावला तो असा, दिव्याच्या कितीतरी आधी. गंमत म्हणजे पुढे हॉटेलांत विजेचे दिवे आले तेव्हा ‘काडी ओढून पेटवायला जाऊ नका, प्रकृतीला अपाय होत नाही’ अशा अर्थाच्या पाट्या लावाव्या लागल्या.

आणि खाली? अमेरिकन हॉटेलात कचेरीसमोरच्या बाकावर पोऱ्यांची रांग बसलेली असे. झडप पडली की कारकून मेजावरची टिकली घंटी थापटून ‘फ्रंट!’ असा पुकारा करी आणि रांगेतला पहिला पुढे येई. ही हाक आता इतकी सोपी झाली होती की ती वारंवार येऊ लागली तर दोष कुणाचा? विजेने पाहुण्याचे कष्ट वाचवले. पोऱ्याचे पाय होते तिथेच राहिले.

‘काय आणू’ या प्रश्नावरचा पहिला उतारा फुकटचा होता. खोलीत बटणाशेजारी एक कार्ड टांगायचं. एकदा दाबलं तर पोऱ्या, दोनदा दाबलं तर बर्फाचं पाणी, तीनदा दाबलं तर खोली आवरणारी बाई, असं काहीतरी. युरोपात एकदा वेटर, दोनदा बाई, तीनदा हरकाम्या अशा धर्तीचे नियम असत. कागदावर झकास. पण प्रत्येक हॉटेलचा हिशेब निराळा, आणि पाहुणा कालच्या गावचा हिशेब घेऊन आलेला. त्यातून एकदा दाबून कुणी आलं नाही म्हणून वैतागून त्याने आणखी दोनदा दाबलं, की पोऱ्याच्या जागी झाडू घेतलेली बाई हजर. अनेक हॉटेलांनी शेवटी हा नाद सोडून पलंगाशेजारी तीन वेगळी बटणंच लावली आणि त्यांवर छोटी चित्रं काढली, म्हणजे भाषा न येणाऱ्यालाही कळावं. एका खोलीला तीन बटणं म्हणजे तीन तारा, तांबं तिप्पट.

सर्वांत महत्त्वाकांक्षी उत्तर न्यूयॉर्कच्या एफ. बेनेडिक्ट हर्झोगने दिलं. हा गृहस्थ विद्युत अभियंता, आणि पुढे कलात्मक छायाचित्रकार म्हणूनही नावाजलेला. त्याच्या यंत्राचं नाव टेलिसीम. खोलीच्या भिंतीवर घड्याळासारखी मोठी तबकडी, तिच्यावर गोलाकार ओळींत शंभराहून जास्त नावं छापलेली : पेयं, खाण्याचे जिन्नस, वर्तमानपत्रं, खोलीतली लहानमोठी कामं. पाहुण्याने काटा हव्या त्या नावावर न्यायचा आणि बटण दाबायचं. खाली कचेरीत तशीच तबकडी, तिच्यावर तेच नाव दिसणार. पॅरिसच्या शाँझेलिझे रस्त्यावर १८९९ मध्ये उघडलेल्या एलिझे पॅलेस हॉटेलात हे टेलिसीम होतं. (हेरगिरीच्या आरोपावरून माता हारीला फेब्रुवारी १९१७ मध्ये अटक झाली ती याच हॉटेलात.) पोऱ्याचे सोळा जिने आठवर आणणारं असं हे यंत्र. यादीत नसलेली वस्तू हवी असली तर मात्र पुन्हा जुनाच हेलपाटा.

मला टेलिसीमबद्दल जरा हळहळ वाटते. आज आपण हॉटेलच्या खोलीत फोनवर यादी उघडून बोट टेकवतो आणि जेवण वर येतं. हर्झोगच्या डोक्यात नेमकं हेच होतं. पण त्याचं यंत्र बाजारात स्थिरावायच्या आतच त्याच्याहून साधा आणि त्याच्याहून बोलका प्रतिस्पर्धी आला होता. १८९४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेदरलँड हॉटेलने खोल्याखोल्यांत टेलिफोन दिले. बफेलोमध्ये एल्सवर्थ स्टॅटलरने १९०८ मध्ये हॉटेल काढलं ते दीड डॉलरला खोली आणि न्हाणीघर अशी जाहिरात करून, आणि तिथेही प्रत्येक खोलीत टेलिफोन. फिरत्या विक्रेत्याच्या खिशाला परवडणाऱ्या जागी तो आला म्हटल्यावर नंबराच्या फळ्याचे दिवस भरले. याच स्टॅटलरच्या व्यवस्थापनाखाली १९१९ मध्ये न्यूयॉर्कचं हॉटेल पेनसिल्व्हेनिया उघडलं. तिथल्या खोल्यांची दारं मध्ये फुगीर होती आणि त्या पोकळीला दोन्हीकडून झाकणं. इस्त्रीचे कपडे पाहुण्याने आतून ठेवायचे, नोकराने बाहेरून काढून घ्यायचे. बोलावायचं तर नाहीच, पण पाहायचंही नाही.

याच काळात मुंबईतल्या हॉटेलात हाक कशी मारत असतील? एस्प्लनेडवरचं वॉटसन हॉटेल १८७१ पासून चालू होतं. इंग्लंडात ओतून आणलेल्या लोखंडी सांगाड्यावर उभं. मार्क ट्वेन जानेवारी १८९६ मध्ये तिथे उतरला. खोलीपर्यंत सामान पोचवायला चौदाएक माणसांची मिरवणूक आली, प्रत्येकाच्या हातात एकेकच वस्तू, असं वर्णन त्याने केलं आहे. हिंदुस्थानात फिरणाऱ्या साहेबाने स्वतःचा वेगळा नोकर ठेवायचा असा रिवाज होता आणि प्रवासाची पुस्तकंही तोच सल्ला देत. तो नोकर दाराबाहेर व्हरांड्यातच बसलेला, तिथेच झोपणारा. साहेबांच्या बंगल्यांतही ‘कोई है?’ ही आरोळी घंटीचं काम करी. बंगालातल्या जुन्या गोऱ्या अंमलदारांना ‘क्वाय-हाय’ हे टोपणनावच त्यावरून पडलं. माणूस इतका स्वस्त आणि दाराशी इतका जवळ असताना एकशे एक तारा ओढून नंबर दाखवायची निकड कुणाला भासणार? अमेरिकेत मजुरी महाग आणि नोकर तळमजल्यावर, म्हणून तिथे फळा.

फळ्याच्या तारांतून हाक उलट्या दिशेनेही नेता येते, हे अमेरिकेत लवकरच लक्षात आलं. खोलीत छोटी घंटी आणि थोड्या जादा तारा टाकल्या की कचेरीतला कारकून पहाटेच्या गाडीच्या पाहुण्याला उठवू शके किंवा हाक पोचली म्हणून ओ देऊ शके. मग आगी लागल्या. १० जानेवारी १८८३ च्या पहाटे मिलवॉकीचं न्यूहॉल हाउस जळालं आणि सत्तराहून अधिक माणसं गेली, त्यांतली कितीतरी वरच्या मजल्यांवर झोपेत सापडलेली. अशा हॉटेलांना परतीची घंटी विकताना आगीची सूचना हा गुण आता ठळक अक्षरांत सांगितला जाऊ लागला. ती कचेरीतून एकाच वेळी सगळ्या खोल्यांत वाजवायची. इथे ‘काय’ हे सांगायची गरजच नव्हती.

फळा टिकून राहिला तो अशाच जागी, जिथे हाकेचा अर्थ हाकेतच भरलेला असतो. लिफ्टमनला मजला कळला की पुरे. रुग्णालयात खाटेच्या नंबराचा दिवा लागला की नर्स विचार न करता निघते. विमानाच्या चालककक्षात आणि वीजकेंद्राच्या नियंत्रणखोलीत बिघाडाचे दिवे ज्या फळ्यावर लागतात त्याला आजही अनन्सिएटर पॅनेलच म्हणतात. आणि आपल्याकडे सरकारी कचेऱ्यांत साहेबांच्या मेजाखाली बटण असतं, दाराबाहेर स्टुलावर शिपाई. बऱ्याच ठिकाणी एक बेल शिपायाला आणि दोन बेल स्टेनोला असा हिशेब ठरलेला असतो. शिपाई आत जातो, चहा किती सांगायचे ते विचारून बाहेर येतो, आणि मग कँटीनकडे निघतो.